पडदा काळा ठेवून केलेली तपासणी

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या नव्या संकेतस्थळाचा दर्शनी भाग बांधण्याचे काम माझ्याकडे होते. पुस्तक शोधणे, ते जागेवर आहे की कोणी नेले आहे हे पाहणे, नेले असल्यास आपल्यासाठी राखून ठेवणे आणि सभासदत्वाचे नूतनीकरण करणे, एवढ्या चार गोष्टी वाचकाला त्यावर करता यायला हव्या होत्या. करारात एक ओळ अशीही होती की हे संकेतस्थळ दृष्टिहीन वाचकांना वापरता येते, याची खातरजमा स्क्रीन रीडरच्या, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने करून द्यावी. वाचक ज्याच्याशी व्यवहार करतो त्या भागाला आम्ही मंडळी सर्रास 'दर्शनी भाग' म्हणतो. माझ्या चुकांची सुरुवात या शब्दापासूनच झाली असे आता वाटते, कारण मी बांधलेले सगळे खरोखर फक्त दर्शनीच होते.

आरंभी मी सोपा मार्ग धरला. ब्राउझरमध्ये बसवता येणारी तपासणीची साधने मिळतात. पान उघडून ती चालवली की चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचे शब्द, आहे का, रकान्यांना लेबल जोडलेले आहे का, पानाची भाषा सांगितलेली आहे का, असे प्रश्न ती स्वतःच विचारतात आणि दोषांची यादी हाती देतात. वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख संकेतस्थळांची मुख्य पाने अशाच यांत्रिक पद्धतीने तपासली, तेव्हा ९५.९ टक्के पानांवर दोष सापडले होते. आमच्या पानांवर दोन दिवसांच्या डागडुजीनंतर एकही दोष उरला नाही. आपण त्या उरलेल्या चार टक्क्यांत जाऊन बसलो, या आनंदात मी अहवालाचा मसुदाही लिहून टाकला. करारातली ती ओळ आड आली नसती तर तो अहवाल तसाच गेला असता.

स्क्रीन रीडर म्हणून मी एनव्हीडीए घेतले. विंडोजवर चालणारे हे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे; मायकेल करन यांनी २००६ मध्ये ते लिहायला घेतले आणि पुढे जेम्स टे त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन आहेत, आणि वापरणाऱ्यानेच बनवलेली वस्तू असल्याची खूण त्यात जागोजागी सापडते. मला मात्र पहिला अर्धा तास ते गप्प कसे करायचे हेच समजत नव्हते. कळ दाबली की बोले, खिडकी बदलली की बोले, मी काहीच केले नाही तरी आधीचे वाक्य पुरे करत बसे. कंट्रोल कळ दाबली की ते थांबते, हे कळल्यावर जीवात जीव आला.

त्या दिवशीच्या सरावाबद्दल माझे मत चांगलेच होते. मी टॅब कळ दाबत पुढे जात होते, आवाज ऐकू येत होता, आणि पडद्यावर जे दिसत होते त्याच्याशी तो बहुधा जुळत होता. 'बहुधा' या शब्दात सगळी मेख होती. आवाजाने अर्धवट सांगितलेले डोळे आपोआप पुरे करत होते. 'राखून ठेवा, बटण' एवढेच ऐकू आले तरी ते कोणत्या पुस्तकाचे, हे मला दिसत असल्यामुळे प्रश्न पडतच नव्हता. एनव्हीडीएमध्ये पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे. मुळात ती वापरणाऱ्याचे खासगीपण जपण्यासाठी आहे, पण माझ्यासारख्या डोळस तपासनिसाला तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. दुसऱ्या दिवशी मी ती चालू केली आणि स्वतः बांधलेल्या पानावर, जिथला प्रत्येक रकाना मी हाताने रचला होता तिथे, शोधाच्या चौकटीपर्यंत पोहोचायला मला अकरा मिनिटे लागली. आधी मेनूतील सव्वीस दुवे एकामागून एक ऐकावे लागले. ते टाळण्यासाठी पानाच्या अगदी सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' असा दुवा मीच ठेवला होता, आणि तपासणीच्या साधनाने त्याला पसंतीही दिली होती. पण मधल्या काळात कोणीतरी मुख्य भागाचे अंतर्गत नाव बदलल्यामुळे तो दुवा कुठेच नेत नव्हता. ते कोणी बदलले याची चौकशी केली तेव्हा ते नाव मीच बदलले होते असे निघाले.

या टप्प्यावर ग्रंथालयाने आपल्या एका जुन्या सभासदांना परीक्षक म्हणून बोलावले. ते वीस-बावीस वर्षांपासून पूर्ण दृष्टिहीन असून संगणकाच्या आवाजावरच त्यांचे सगळे काम चालते. त्यांनी आपला लॅपटॉप टेबलावर ठेवला, पडद्याची झडप अर्धीच उघडली, कारण त्यांना ती पूर्ण उघडण्याचे कारणच नव्हते, आणि एका कानात इअरफोन घातला. दुसरा कान माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. मला ऐकता यावे म्हणून त्यांनी नंतर आवाज बाहेर सोडला, तेव्हा सुरुवातीला ती मराठी आहे हेसुद्धा मला ओळखता आले नाही, इतका त्याचा वेग होता. त्यांनी माझ्यासाठी तो निम्म्यावर आणला आणि म्हणाले, "आता मला झोप येईल, पण तुम्हांला समजायला हवे."

त्यांची पान वाचण्याची रीत पाहिल्यावर माझी अकरा मिनिटे कुठे गेली ते कळले. मी पान वरून खाली ऐकत होते. ते तसे कधीच ऐकत नव्हते. पान उघडताच त्यांनी 'एच' ही कळ दाबली. स्क्रीन रीडर पान वाचत असताना ही कळ पुढच्या मथळ्यावर उडी मारते. एक ते सहा हे आकडे त्या त्या पातळीच्या मथळ्यावर नेतात, 'के' दुव्यावर, 'बी' बटणावर, 'टी' तक्त्यावर. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो आणि ठळक अक्षरे टिपतो, तेच काम ते या कळीने करत होते. आमच्या पानावर 'एच' दाबताच उत्तर आले की पुढे एकही मथळा नाही. पडद्यावर तर मोठ्या, जाड, निळ्या अक्षरांत पाच मथळे होते. ते मी साध्या चौकटींना अक्षरांचा आकार वाढवून केलेले होते. मथळा म्हणून त्यांची नोंद कुठेच नव्हती.

स्क्रीन रीडर पडदा बघत नाही, ही गोष्ट मला पुस्तकी पद्धतीने माहीत होती, पण तिचा अर्थ त्या वेळी लक्षात आला. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलवरून ब्राउझर पडद्यावरचे चित्र जसे तयार करतो, तशीच वस्तूंची एक उतरंडही तयार करतो. हा मथळा आहे, याची पातळी दुसरी. हे बटण आहे, याचे नाव अमुक. ही चौकट आहे, यावर खूण केलेली आहे, अशा नोंदी त्या उतरंडीत असतात, आणि स्क्रीन रीडर फक्त त्या नोंदी वाचतो. ज्याची नोंद नाही ते त्याच्या लेखी नसते, मग ते पडद्यावर कितीही मोठे दिसो.

दुपारच्या चहाच्या वेळी ते जुन्या दिवसांबद्दल बोलले. आज आपण स्क्रीन रीडर म्हणतो ते संगणकावरचे सगळेच बोलून दाखवतात, पण एके काळी फक्त वेबपाने वाचणारे वेगळे बोलके ब्राउझर असत. त्यांपैकी आयबीएमचे होम पेज रीडर साधा मजकूर पुरुषी आवाजात वाचे आणि दुवा आला की बायकी आवाजात बोले, हे त्यांना फार आवडे. 'दुवा' हा शब्द प्रत्येक वेळी ऐकावा लागत नसे, आवाज बदलला की कळे. हे सॉफ्टवेअर चिएको असाकावा या जपानी संशोधिकेच्या कामातून १९९७ मध्ये जपानमध्ये आले, आणि त्या स्वतः किशोरवयात दृष्टी गमावलेल्या आहेत. ते ऐकून मला वाटले की दुव्याला वेगळा आवाज देण्याची कल्पना कानाने वाचणाऱ्यालाच सुचू शकते. डोळ्याने वाचणाऱ्याने दुव्याखाली रेघ मारली आणि काम झाले असे समजला.

मथळ्यांची दुरुस्ती तासाभरात झाली. खरा गुंता शोधाच्या निकालांत होता. प्रत्येक पुस्तकासाठी एक मुखपृष्ठ, त्याखाली नाव, लेखक, 'अधिक माहिती' असा दुवा आणि 'राखून ठेवा' हे बटण अशी मांडणी होती. पानावर वीस पुस्तके. परीक्षकांनी एनव्हीडीएची दुव्यांची यादी उघडली, ज्यात पानावरचे सगळे दुवे एकाखाली एक दिसतात, आणि तिच्यात वीस वेळा 'अधिक माहिती' एवढेच होते. बटणांची यादी उघडली तर वीस वेळा 'राखून ठेवा'. "यांतले माझे कोणते?" असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

मी रात्री बसून ते दुरुस्त केले आणि उत्साहाच्या भरात जरा जास्तच दुरुस्त केले. अशा कामांसाठी एरिया नावाची एक व्यवस्था आहे. एचटीएमएलमधील कोणत्याही घटकाला तिच्या साहाय्याने नाव, भूमिका आणि स्थिती जोडता येते, आणि ते पडद्यावर न दिसता फक्त स्क्रीन रीडरला ऐकू जाते. हाती नवे हत्यार आले की माणूस दिसेल त्यावर ते चालवून पाहतो. मी प्रत्येक चौकटीला भूमिका दिली, प्रत्येक बटणाला लांबलचक नाव दिले, निकालांच्या प्रत्येक भागाला 'पुस्तकाच्या माहितीचा विभाग' असे संबोधन दिले आणि मुखपृष्ठाच्या पर्यायी मजकुरात पुस्तकाचे पूर्ण नाव घातले. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पाच मिनिटे ऐकले आणि हात वर केला. "तुमचे पान फार बोलते हो," ते म्हणाले. एकाच पुस्तकाचे नाव त्यांना चार वेळा ऐकू येत होते: चित्रात, नावाच्या दुव्यात, 'अधिक माहिती'त आणि बटणात. वर प्रत्येक वेळी विभाग सुरू झाल्याची आणि संपल्याची घोषणा होती ती वेगळीच.

एरियाच्या मार्गदर्शनात पहिला नियमच असा दिलेला आहे की जे काम एचटीएमएलचा मूळ घटक करू शकतो तिथे एरिया वापरू नये. मी तो नियम वाचलेला होता. पण चुकून दाखवल्याशिवाय मला नियम कळत नाहीत, हा माझा जुना दोष आहे. मग सगळे उतरवले. पुस्तकाचे नाव हाच तिसऱ्या पातळीचा मथळा केला आणि त्यातच दुवा ठेवला. म्हणजे 'एच' दाबत गेले की पुस्तकामागून पुस्तक ऐकू यावे. 'अधिक माहिती' काढूनच टाकले, कारण तोच दुवा नावावर होता. मुखपृष्ठाचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवला. पर्यायी मजकूर रिकामा ठेवणे आणि तो मुळातच न देणे यांत फरक आहे, हे इथे सांगायला हवे: रिकामा ठेवला तर स्क्रीन रीडर ते चित्र शोभेचे समजून ओलांडून जातो, आणि दुव्यातल्या चित्राला तो दिलाच नाही तर बिचारा फाईलचे नाव, आकड्यांसकट, वाचत बसतो. बटणाच्या नावात मात्र पुस्तकाचे नाव राहू दिले. एवढ्यावर पान शांत झाले.

राखून ठेवण्याच्या अर्जाची गोष्ट याहून वाईट होती, आणि तिच्यात मी अजून लाजते. अर्जात सभासद क्रमांक, पुस्तक कोणत्या शाखेतून न्यायचे आणि कोणत्या तारखेपासून हवे, असे तीन प्रश्न होते. रकान्यांचे लेबल चौकटीबाहेर लिहिण्याऐवजी चौकटीतच फिकट अक्षरांत लिहिण्याची टूम आहे. लिहायला लागले की ती अक्षरे नाहीशी होतात. दिसायला नेटके, पण काही लिहून झाल्यावर परत त्या रकान्यात आलेल्या माणसाला तिथे काय विचारले होते हे कळायला मार्ग उरत नाही. शाखांसाठी गोल बटणे होती आणि त्यांच्यावर 'पुस्तक कोठून न्याल?' हा प्रश्न साध्या परिच्छेदात होता. परीक्षकांना फक्त शाखांची नावे ऐकू येत, प्रश्न नाही. गटाला गट म्हणून बांधणारा आणि त्याला शीर्षक देणारा घटक एचटीएमएलमध्ये फार पूर्वीपासून आहे. तो मी वापरला नव्हता, कारण त्याच्याभोवती येणारी रेघ आमच्या आराखड्याला शोभत नव्हती. ती रेघ एका ओळीत घालवता येते.

त्यांनी अर्ज भरला आणि 'राखून ठेवा' दाबले. काही ऐकू आले नाही. थोडे थांबून पुन्हा दाबले. तरी शांतता. मी त्यांच्या मागे उभी राहून पडदा पाहत होते आणि मला हिरव्या पट्टीत 'आपली नोंद झाली आहे' हे शब्द स्वच्छ दिसत होते. काही बोलायचे नाही असे आमचे ठरले होते, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी पाच वेळा बटण दाबले. मग वैतागून म्हणाले, "बंद पडले वाटते." सर्व्हरवर त्यांच्या नावे एकाच पुस्तकाच्या पाच नोंदी झाल्या होत्या.

पडद्यावर कुठेतरी नवा मजकूर उगवला तर डोळ्याला तो हलल्यामुळे जाणवतो, पण कान तर तेव्हा बटणावर असतो. त्याला कोणीतरी हाक मारून सांगावे लागते. यासाठी पानावरच्या एखाद्या भागाला 'हा जिवंत भाग आहे, यात बदल झाला की बोलून दाखवावा' अशी सूचना देता येते, आणि ती सूचना दोन प्रकारची असते: चालू वाक्य संपल्यावर सांगावे अशी सौम्य, किंवा सगळे तोडून लगेच सांगावे अशी तातडीची. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांत अशा स्थितिदर्शक संदेशांचा निकष २०१८ मध्ये आलेल्या २.१ या आवृत्तीत प्रथम आला. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ या आवृत्तीत एकूण ८६ निकष आहेत, त्यांत तो कायम आहे. मी सौम्य सूचना दिली, आणि तरीही काही ऐकू आले नाही. यात माझा अख्खा दिवस गेला. कारण शेवटी सापडले ते असे: मी संदेश आणि त्याची जिवंत चौकट दोन्ही एकाच वेळी पानावर आणत होते. स्क्रीन रीडर बदलाची वाट पाहतो. जी चौकट आधी नव्हतीच तिच्यात बदल झाला असे त्याला कसे वाटणार? चौकट सुरुवातीपासून रिकामी ठेवली आणि वेळ आली तेव्हा फक्त शब्द आत टाकले, तेव्हा ते बोलले. पहिल्यांदा 'आपली नोंद झाली आहे' ऐकू आले तेव्हा मी काळ्या पडद्यापुढे एकटीच होते आणि मोठ्याने 'झाली!' म्हणाले.

चुकीच्या संदेशांचेही तसेच होते. सभासद क्रमांकात एक अंक कमी पडला तर रकान्याची कड लाल होत होती आणि त्याखाली 'अवैध' असा शब्द येत होता. आता अर्ज पाठवल्यावर चूक असेल तर कर्सर त्या चुकलेल्या रकान्यातच जाऊन थांबतो, रकाना चुकल्याची नोंद त्या उतरंडीत होते, आणि 'सभासद क्रमांक आठ अंकी असावा, आपण सात अंक लिहिले आहेत' हे वाक्य लेबलाच्या पाठोपाठ वाचले जाते. या वाक्याचा फायदा डोळस सभासदांनाही झाला. 'अवैध' वाचून त्यांनाही काही कळत नव्हते, फक्त ते तक्रार करत नव्हते.

तारखेच्या निवडीवर मात्र आमच्यात वाद झाला. आराखडाकार मित्राने एक देखणे कॅलेंडर निवडले होते, जे रकान्यावर जाताच उघडे आणि माऊसने बाहेर क्लिक केल्याशिवाय मिटत नसे. कळफलकाने आत गेलेला माणूस त्यातून बाहेर येऊच शकत नव्हता. टॅब दाबत राहिले की तीस तारखांभोवती प्रदक्षिणा सुरू. तारखाही नुसत्या 'चौदा', 'पंधरा' अशा ऐकू येत, महिना नाही, वार नाही. असे कॅलेंडर कळफलकाने नीट चालेल असे बांधता येते, पण त्याला बाणांच्या कळी, महिना बदलण्याच्या कळी, मिटल्यावर कर्सर परत जागेवर आणणे, असे बरेच काही लागते. आठवडाभर ते बांधण्यापेक्षा दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने ठेवावेत असे मी म्हटले. मित्र म्हणाला की हे सरकारी अर्जासारखे दिसते. खरे होते ते. शेवटी आम्ही साधे रकाने ठेवले आणि शेजारी कॅलेंडर उघडणारे वेगळे बटण दिले, म्हणजे ज्याला हवे त्याने ते उघडावे. नोंदी तपासल्या तेव्हा बहुतेक सभासद तारीख सरळ लिहूनच टाकत होते, असे मला दिसले; मित्राला ते मी मुद्दाम सांगितले नाही.

मराठीचे म्हणून जे प्रश्न होते त्यांबद्दल मला कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शनात फारसे सापडले नाही. पानाच्या सुरुवातीला त्याची भाषा सांगावी लागते, आणि स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो. आमचा साचा तयार मिळालेला होता आणि त्यात भाषा इंग्रजी अशी लिहिलेली होती. साधनाने तपासले तेव्हा भाषा सांगितलेली आहे एवढेच त्याने पाहिले. ती खरी आहे का हे त्याने विचारले नाही. परीक्षकांच्या लॅपटॉपवर पान उघडताच इंग्रजी आवाज मराठी वाचायला पुढे सरसावला, आणि त्यातून जे बाहेर पडले ते ऐकून आम्ही दोघे हसलो. एक शब्द बदलून ते मिटले. इंग्रजी पुस्तकांची नावे मात्र वेगळी खूण करून इंग्रजी म्हणून सांगावी लागली, कारण ती न सांगता काय होते हे आवाजाच्या प्रत्येक इंजिनागणिक वेगळे असते.

जुन्या सूचनांचा विषय एवढा सोपा नव्हता. ग्रंथालयाच्या जुन्या संकेतस्थळावरून नव्यावर आणलेल्या काही याद्या युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टांत अक्षर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्याला मुखवटा दिसतो आणि कानाला खालचा चेहरा ऐकू येतो, म्हणजे स्वल्पविराम, कंस, अर्धविराम आणि मधूनच एखादे इंग्रजी अक्षर. रूपांतर करणारी साधने वापरून त्या याद्या युनिकोडमध्ये आणल्या, पण जोडाक्षरे आणि रफार तपासायला माणूसच बसावा लागला. स्कॅन केलेल्या पीडीएफ सूचनांत तर अक्षरच नव्हते, नुसते कागदाचे चित्र. त्यांतल्या चालू असलेल्या तेवढ्या नव्याने टाइप करून घेतल्या आणि बाकीच्या जुन्या संग्रहात ठेवल्या. तो निर्णय मला पूर्ण पटलेला नाही, पण हाताशी असलेल्या दिवसांत तेवढेच जमले.

नंतर मी तपासणी इतर जोड्यांवर केली, कारण स्क्रीन रीडर आणि ब्राउझर यांची जोडी बदलली की वागणे थोडे बदलते. एनव्हीडीए फायरफॉक्ससह आणि जॉज हे दुसरे स्क्रीन रीडर क्रोमसह चालवून पाहिले. फरक किरकोळ निघाले. फोनवर मात्र एक मोठा दोष सापडला. तिथे कळफलक नसतो. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे फोनवरचे स्क्रीन रीडर चालू असले की बोट उजवीकडे सरकवल्यावर पुढची वस्तू ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारल्यावर ती उघडते. आमचा मेनू फोनवर मिटलेला असला तरी तो फक्त पडद्याच्या कडेबाहेर सरकवलेला होता, नाहीसा केलेला नव्हता, त्यामुळे न दिसणारे सव्वीस दुवे बोटाखाली येतच राहत. त्याच सव्वीस दुव्यांनी मला दुसऱ्यांदा गाठले होते.

नूतनीकरणाच्या पानावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारे कोडे होते, यंत्रांना अडवण्यासाठी. ते परीक्षकांपुढे येण्याआधीच मी काढून टाकले. दृष्टिहीन माणसाला चित्रातली अक्षरे वाचायला सांगण्याच्या कल्पनेवर चर्चा करण्यासारखे काही नव्हते.

तीन आठवड्यांनी परीक्षक पुन्हा आले. त्यांनी एक कादंबरी शोधली, ती बाहेर गेलेली आहे हे ऐकले, अर्ज भरला आणि एकदाच बटण दाबले. आवाज आला. सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत झाले, आणि त्यांनी वेग त्यांचा नेहमीचाच ठेवला होता, त्यामुळे काय झाले ते मला नीट ऐकूही आले नाही. "चालते," एवढेच ते म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. मी काही अधिक कौतुकाची अपेक्षा केली होती हे खरे. पण संकेतस्थळ चालल्याबद्दल डोळस माणूस तरी कधी कोणाचे कौतुक करतो?

संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. मुख्य पानावर काहीतरी नवे आले आहे, त्याचे नाव एक लांबलचक आकडा आहे आणि ते दाबले तर तोच आकडा पुन्हा ऐकू येतो, असे ते म्हणाले. कार्यालयातून कोणीतरी ग्रंथालयाच्या बदललेल्या वेळांची सूचना रंगीत चित्र करून चढवली होती. सगळा मजकूर चित्रात, आणि पर्यायी मजकूर काहीच नाही. मी त्याच संध्याकाळी चित्र चढवण्याच्या पानावर पर्यायी मजकुराचा रकाना सक्तीचा केला, आणि त्याखाली 'चित्रात जे लिहिले आहे ते येथे लिहावे' अशी सूचनाही घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक सूचना चढली. मी पडदा काळा करून ऐकले. रकाना रिकामा नव्हता. त्यात 'चित्र' असे लिहिले होते.